माळवदावरचा किल्ला

आमच्या परभणी जिल्ह्यात किल्ला बघायचा म्हटलं की आधी डोंगर हुडकावा लागतो. पिंगळी स्टेशनात उतरून चारी बाजूंना बघा, ठेच लागेल एवढाही उंचवटा दिसायचा नाही. म्हणून आमच्या गावच्या पांढऱ्या मातीच्या गढीलाच आम्ही उंच समजायचो. पूर्वी तिथं कुणी सरदार राहायचा म्हणे. सरदार गेला, बुरूज ढासळले, माती तेवढी उरली. ही माती माळवदावर, म्हणजे लाकडांच्या सपाट छतावर, पसरली की घर गळत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात सगळं गाव टोपल्या घेऊन गढी खणायला जायचं. जातपात न विचारता सगळ्यांना हात लावू देणारी गावातली ती एकच जागा.

नामांतराच्या दंगलीत आमच्या बौद्धवाड्यातली पाचटाची छपरं जळाली. विद्यापीठ औरंगाबादला, पाटी तिथली, आणि काडी आमच्या छपराला! काय भूगोल शिकले होते लोक! तेव्हापासून आई उंबऱ्यात वाकळ टाकून, उशाला पाण्याची कळशी ठेवून निजायची. एकच म्हणायची, "माती पेटत न्हाई. आता मी माळवदच घालणार." नव्यानं घातलेल्या पाचटाखाली आम्ही दिवस काढले आणि पै पै करून लाकडं जमवली. उन्हाळा लागताच पाचट उतरवून लाकडं टाकली. राहिली फक्त माती. मी परभणीला कॉलेजात होते, सुट्टीला ती वाहायलाच आले.

नेमके त्याच उन्हाळ्यात गावचे पाटील देवगिरी बघून आले. तिथं अर्ध्या वाटेत दम लागून खाली बसले होते, असं त्यांच्याच गड्यानं सांगितलं. पण गावात पाऊल टाकताच त्यांना आपली गढी किल्ला दिसायला लागली. न दमता चढता येणारा! लगेच झेंडा लागला. म्हशी अंग घासायच्या त्या दगडाला शेंदूर फासून त्याची देवी झाली. विद्यापीठाचं नाव बदललं तर मराठवाडा बुडेल म्हणणाऱ्या ह्या माणसानं गढीचं नाव मात्र एका सकाळीत बदललं, पुढं 'गड' लावून. वर हुकूम सुटला की वहाणा खाली काढायच्या आणि मातीला हात लावायचा नाही.

आई टोपली घेऊन गेली, तर पाटील वाटेतच उभे.

"ह्या मातीत आमच्या पूर्वजांचं रक्त हाय, बाई. ठेव टोपली खाली."

"तरीच लय चिकट हाय, मालक," आई म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली. असा संताप आला मला! पावसाला महिना राहिला होता. माती मिळाली नाही तर डोक्यावर पुन्हा पाचट.

मग पाटलांच्या अर्जावरून किल्ला पाहायला जिल्ह्याहून एक साहेब आले. खाली बूट काढून चढायला लागले म्हणेपर्यंत माथ्यावर पोचले.

"किल्ला कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"तुमी किल्ल्यावरच हाव, साहेब," पाटील म्हणाले.

"आणि बुरूज?"

"काळाच्या ओघात गेले," शाळेच्या गुरुजींनी सुस्कारा सोडला. आजूबाजूला टोपल्यांनी पाडलेले खड्डे होते, ते कुणालाच दिसले नाहीत.

चहा पाटलांकडे होता. साहेबांच्या पाया पडून माती मागायची म्हणून आई मला घेऊन अंगणाबाहेर उभी राहिली. आत साहेब घाम पुसत म्हणाले, "बाहेर एवढं ऊन, आणि तुमच्या घरात काय गारवा आहे हो!"

आमच्याकडच्या माणसाला काही बोला, पण त्याच्या माळवदाचं कौतुक करू नका. पाटील भान विसरले.

"असणारच की! आज्यापासून दरसाल गाड्या भरून गढीची माती टाकतो आमी. आख्खा बुरूज चढवलाय वर!"

गुरुजींना ठसका लागला. साहेबांनी मान वर करून छत नीट न्याहाळलं.

"म्हणजे बूट इथं काढायला हवे होते," ते म्हणाले, आणि चहा संपवून जीपमध्ये बसले. आईला तोंड उघडायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर पहिली गाडी लागली ती पाटलांची. पूर्वजांचं रक्त फावड्यानं भरायला लागले होते गडी. आई शेजारी जाऊन खणायला लागली. पाटलांनी तिला पाहिलं आणि झेंड्याची काठी सरळ करत बसले. देवी मात्र देवीच राहिली, म्हशींची तेवढी गैरसोय झाली.

आठवडाभर आम्ही माती वाहिली, पसरली, तुडवली. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला आईनं चुलीतलं पेटतं लाकूड काढलं आणि शिडी चढून माळवदाच्या मधोमध ठेवलं. मी खालून ओरडले, "अगं, काय करायलीस?" आणि तिच्यामागं शिडी चढले. लाकूड धुमसलं, काळं पडलं, विझलं. मग ती खाली उतरली आणि उंबऱ्यातली वाकळ उचलून तिनं आत अंथरली.