आबांच्या गाडीतले दिवे

मुलगी घरी काहीतरी सोल्डर करत होती. त्या वासाने मी मनाने थेट गोखिवऱ्याला, वडिलांच्या जुन्या गाडीत जाऊन बसलो.

आबा इंजिनच्या आवाजावरून गियर बदलायचे. पुढे पुढे इंजिन किंचाळलं तरी त्यांना कळेना. म्हणून मी एलईडींची पट्टी बनवून स्टिअरिंगमागे बसवली. इंजिनचा वेग वाढला की हिरवे, मग पिवळे, शेवटी लाल दिवे लागत.

"लाल लागला की गियर बदला, आबा."

ते दिव्यांकडे बघत राहिले. "म्हनजे तुलापन समजलं," म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली. पुन्हा ते स्टिअरिंगवर बसले नाहीत. मेहनत वाया गेली म्हणून मला तेव्हा रागच आला होता.

"काय बनवतेस गं?" मी मुलीला विचारलं.

तिने एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने सांगितलं, "बेल वाजली की दिवा लागेल, बाबा."