निंगव्वा आणि गुडघाभर पाणी

सात रस्त्याजवळच्या गल्लीत निंगव्वाचा कडक भाकरीचा धंदा. साठी उलटलेली, बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. शेजार विणकरांचा, त्यामुळे तेलुगूही बरीचशी कळायची.

लेक दानेश्वरी दुसऱ्यांदा बाळंत झाली, तेव्हा निंगव्वा धंदा जावेवर सोपवून आंध्रच्या किनाऱ्यावर, पुलिकत सरोवराकाठी गेली. जावई शिवकुमार तिथल्या अभयारण्यात पक्षी मोजायचा. पहिल्याच दिवशी तिनं ओंजळभर पाणी चाखलं आणि खारट लागलं म्हणून थुंकून टाकलं. समुद्र तर दिसतही नव्हता. समुद्राचं पाणी आत शिरतं आणि पावसात नद्यांचंही येतं, असं जावयानं समजावलं. मग हे तळं म्हणायचं की समुद्र, हे तिला काही उमगेना.

पाण्यापलीकडं एक पांढरं देऊळ दिसायचं. नातवासाठी तिथं नारळ फोडावा म्हणून एका सकाळी ती कुणाला न सांगता लुगडं खोचून निघाली. पाणी घोट्याएवढं, फार तर गुडघाभर. तासभर चालली, तरी देऊळ तेवढंच लांब. मध्येच समोरचा पांढरा-गुलाबी पट्टा हलला आणि शेकडो रोहित पक्षी एकदम उडाले. ती दचकून वळली, तर मागं काठच दिसेना. सगळीकडं सारखंच चकाकतं पाणी.

थोड्या अंतरावर एक म्हातारी चिखलात हातानं कोळंबी चाचपत होती. निंगव्वानं मोडक्या तेलुगूत काठ कुठं ते विचारलं.

"आता पाणी आहे, उन्हाळ्यात इथं माझ्या शेळ्या चरतात," म्हातारी म्हणाली. "कुठला काठ सांगू?"

तरी तिनंच हात धरून निंगव्वाला घरापर्यंत आणलं.

शिवकुमार रागावला नाही. पक्षी तिथं खायला उतरतात, माणसानं त्यांच्यात जायचं नसतं, एवढंच म्हणाला.

"पाटी न्हाय, कुंपण न्हाय," निंगव्वा म्हणाली. "मला कसं कळावं, कुणाच्या घरात शिरले ते?"

दोन दिवस पाण्याचा तो भाग पक्ष्यांविना रिकामाच राहिला. तिनं नारळ फोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी पक्षी परत उतरले. दानेश्वरीनं तिला दाखवलं. निंगव्वा बाळाला मांडीवर घेऊन बघत राहिली. आनंद मानावा की अजून ओशाळून राहावं, हे काही तिला ठरवता आलं नाही.