वच्छलाबाईंनी खोडलेला शब्द

वच्छलाबाईंना लिहिता-वाचता येत होतं. तरीही नगरपालिकेतला कुठलाही कागद त्या समोरच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. नोटीस असो, परिपत्रक असो, ज्याने लिहिला त्यानेच वाचायचा. मी पहिल्यांदा कंटाळून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिवतानी मानसाले लाज वाटत नाई बाबू. वाचतानी वाटते."

मी आस्थापना शाखेतला कारकून. गाव अकोल्यापासून तासाभराच्या अंतरावरचं. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरीला आहे. पातूरहून लग्न होऊन आलेल्या वच्छलाबाईंनी या गावचे रस्ते सव्वीस वर्षं झाडले. कंत्राटदार दर वर्षी बदलायचा. बायका त्याच, रस्ते तेच, पण कागदोपत्री त्या दर वर्षी नव्याने कामाला लागलेल्या. म्हणून रजा नाही, हातमोजे नाहीत, आजारी पडलं तर ज्याचं त्याने पाहायचं. नगरपालिकेने मधला कंत्राटदार काढून थेट आपल्याशी करार करावा, एवढंच त्यांच्या संघटनेचं मागणं होतं. वच्छलाबाई संघटनेच्या अध्यक्ष होत्या. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की आमच्या वरच्या मजल्यावर ऐकू यावा.

त्या वर्षी कमल नावाच्या सफाई कामगार बाईच्या हातात कचऱ्यातली इंजेक्शनची सुई घुसली. हात सुजला, काळा पडला. संघटनेने उपचारासाठी अर्ज दिला. मुख्याधिकारी साहेबांच्या सांगण्यावरून टिपणी मी लिहिली. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"हे कोनं लिवलं?"

"मी."

"वाच."

मी वाचू लागलो. "सदर महिला ही नगरपालिकेची कर्मचारी नसल्याने तिच्या उपचारांची जबाबदारी..." पुढचं तोंडातून निघेना. सगळी शाखा ऐकत होती.

"सदर महिला नाई ते. कमल आहे. तुह्या घरापुढचा रस्ता झाडते. तुही बायको तिले पानी देते. अन् तू लिवते का ते आमची नाई?"

पंधरा दिवसांनी अकोल्याला कमलचा उजवा पंजा कापावा लागला. माझ्या टिपणीवर सही साहेबांची होती, पण अक्षर माझं होतं. साहेबांइतकाच मला माझाही राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

भर मे महिन्यात संघटनेच्या बायकांनी झाडू खाली ठेवले. चार दिवसांत गाव नासलं. बाजारातले दुकानदार नाकाला रुमाल लावून धरणं धरलेल्या बायकांकडे आले. "वच्छलाबाई, वास येऊन राहिला हो," एकजण म्हणाला. "आमाले सव्वीस वर्सापासून येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "तुमाले आज आला. बसा थोडं आमच्यासंग."

सातव्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना एकटीला केबिनमध्ये बोलावलं. पाच मिनिटांत दार धाडकन उघडलं. त्या जिन्यावर उभ्या राहून खालच्या बायकांना ओरडून सांगू लागल्या, "सायेब मले मुकादम बनवून राहिले! कायमची! म्हनते का तुमी एकट्या या, बाकीच्याइचं मंग पाहू! कोनाले सोताले विकाचं असंन तं जा वर, दार उघडंच आहे!" साहेब आतून "अहो बाई, अहो बाई" करत राहिले. कुणी वर गेलं नाही.

नवव्या दिवशी करारनाम्याचा मसुदा तयार झाला. टाइप मीच केला होता. सभागृहात सगळ्यांसमोर वच्छलाबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. उपचारांच्या कलमाशी आलो. "कामावर असताना इजा झाल्यास कार्यालय शक्यतोवर उपचारांचा भार उचलेल."

"थांब. हा शक्यतोवर कोन आहे?"

तो शब्द सकाळी साहेबांनी फोनवरून घालायला लावला होता.

"कमलचा हात शक्यतोवर तुटला का? याले भाईर काढा. हा इथं असंन तं मी उठली."

साहेब कायद्याचं काही सांगू लागले. वच्छलाबाईंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, शब्दावर तीनदा रेघ मारली आणि कागद साहेबांपुढे सरकवला. "इथं सई करा, म्हंजे तुमीच खोडला असं होईन." बाहेर कचरा सडत होता. साहेबांनी सही केली.

पण आमचं कार्यालय असं हरत नाही. शेवटच्या पानावर वयाची अट आली होती. पन्नाशीच्या आतल्यांशीच थेट करार. त्यात नऊजणी बाहेर पडत होत्या, वच्छलाबाई धरून. बायका उठल्या, सही नाही म्हणाल्या. वच्छलाबाईंनी कमलकडे पाहिलं. करारात कमलला बसून करण्याचं काम मिळणार होतं. करार मोडला असता तर तेही गेलं असतं. त्यांनी सही केली.

बाहेर मी म्हणालो, "तुम्ही फार मोठा त्याग केलात."

त्या माझ्यावर भडकल्याच. "त्याग-बिग म्हनू नको मले! मी हारली आज. नऊ बाया हारली. ते पाह्य, अन् ध्यानात ठेव."

त्यानंतर दर सोमवारी त्या नऊजणींनाही करारात घ्या असा अर्ज घेऊन यायच्या. साहेबांनी बजावलं होतं, अर्ज घ्यायचा नाही, पोच द्यायची नाही. मी मान खाली घालून "साहेब नाहीत" म्हणायचो. त्या बाकावर दुपारपर्यंत बसून परत जायच्या. वर्षभर हेच चाललं. पुढच्या उन्हाळ्यात चांदूर बाजारला लेकीकडे असताना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

शोकसभेला नगराध्यक्ष आले, फोटोवाला घेऊन. "वच्छलाबाई आमच्या नगरपालिका परिवाराच्या सदस्य होत्या," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात वच्छलाबाईंची लेक उठली आणि सरळ त्यांच्यापुढे गेली. हातात कागद होता.

"परिवारातली होती नं माही माय? मंग हा अर्ज घ्या. आठ जनी राह्यल्या आता. पोच द्या."

नगराध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. डोळ्यांनीच नको म्हणाले. मी पुढे गेलो, तारीख घातली, सही केली आणि पोच लेकीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली.

अर्ज मंजूर व्हायला सहा महिने लागले. नेमणुकीचा आदेश मीच टाइप केला. आठ नावं. नववं घालता येत नाही, मृत व्यक्तीची नेमणूक होत नाही, असं साहेबांनी समजावलं. नियम बरोबर आहे. त्या जिवंत असताना त्यांना वर्षभर बाकावर कुणी बसवून ठेवलं, ते मात्र कुठल्याही फायलीत नाही. म्हणून इथे लिहिलं.