नव्या पत्र्याला भोकं

१९९८च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, कनेरगाव नाक्यावर शेळ्या घेऊन निघालेल्या एका बाईच्या जुन्या जीपचा तळाचा पत्रा गळून पडला. शेळ्यांच्या मुतानं तो गंजला होता. मी नाक्यावरच्या वेल्डरच्या दुकानात बसलो होतो; तिनं जीप तिथंच आणली.

शेळ्यांचा एक व्यापारी तिथं येऊन म्हणाला, "वहिनी, गाडी भंगारात घाला. बाजार तर हुकलाच तुमचा. आता बकऱ्या माझ्याच भावानं द्या."

नवा पत्रा बसला, तेव्हा तिनं प्रत्येक जोडावर दगड आपटून आवाज ऐकला.

"आता याला भोकं पाड," ती वेल्डरला म्हणाली.

"नव्या पत्र्याला? काहून?"

"मूत खाली जायला." तिनं व्यापाऱ्याकडे पाहिलं. "बकऱ्या मुतायचं सोडत न्हाईत, अन् मी बाजार सोडत न्हाई."

दुपारी शेळ्या भरून ती स्वतः जीप चालवत हिंगोलीच्या बाजाराकडे गेली.