रोमिओचा उजवा पंख

फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. समोरून कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराकडे चालल्या होत्या, हॉर्नचा गोंगाट होता, आणि त्या गोंगाटात सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले." मला वाटलं, उल्हास कुठे बाहेरगावी गेला असेल. मी विचारलंही, "कुठं गेला?" पलीकडून मागे बायांचं रडणं ऐकू आलं... मग लक्षात आलं. उल्हास आडे, माझा कॉलेजपासूनचा मित्र, विमानांचा इंजिनिअर. तांड्यावरच्या घरी सकाळी चहा मागून खुर्चीत बसला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच संपला. छातीत दुखतंय असं तो त्याआधी म्हणत होता म्हणे. "विमानाच्या तपासणीची तारीख कधी चुकू दिली नाई त्याईनं," वहिनी नंतर म्हणाल्या, "अन् सोताची म्हटली की, पाहू ना, पाहू ना." त्यांच्या बोलण्यात रडण्यापेक्षा राग जास्त होता. तो राग मला समजला. मलाही आला होता.

यवतमाळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी नेरचा. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून अभ्यास करून इथवर आलेलो. तो दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, घरात बंजाऱ्यांची गोरबोली आणि बाहेर वऱ्हाडी बोलणारा. निवडणुकीच्या दिवसांत एकदा कोणी पुढारी छोट्या विमानाने येणार म्हणून आम्ही सायकलवर डबलसीट धावपट्टीकडे गेलो. गर्दी पुढाऱ्याकडे धावली. उल्हास मात्र दोरीच्या अलीकडे वाकून विमानाच्या पोटाखाली पाहत होता. परतताना मी पुढारी कसा दिसला ते सांगत होतो आणि हा मागच्या कॅरियरवरून म्हणाला, "सुध्या, एवढं वजन त्या पातळ पंखावर! त्याच्या आत काय असन रे?" मला उडायचं होतं. त्याला आत काय आहे ते पाहायचं होतं. पुढे तसंच झालं. मी पायलट होऊन मुलांना उडायला शिकवू लागलो, तो नागपूरला विमानदुरुस्तीचं शिक्षण घेऊन परवानाधारक इंजिनिअर झाला. त्याच्या आईला, याडीला, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ती तांड्यावर सगळ्यांना सांगायची की माझा लेक विमान चालवतो. उल्हास म्हणायचा, "नाई याडी, चालवतो सुधाकर. मी चालू देतो." ती म्हणायची, मग मोठा तूच की!

बरीच वर्षं वेगवेगळ्या गावांत काढून आम्ही दोघं पुन्हा आपल्या जिल्ह्यात एकत्र आलो ते एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत. ती संस्था आता नाही. पत्र्याचं मोठं हँगर, एक वर्गखोली, चार आसनांची थोडीशी जुनी विमानं आणि गावागावांतून आलेली मुलंमुली. विमानांना आम्ही नोंदणीतल्या शेवटच्या अक्षरावरून हाक मारायचो. वैमानिकांच्या बोलीत एल म्हणजे लीमा, आर म्हणजे रोमिओ. रोमिओ सगळ्यांचं लाडकं. हाताला हलकं आणि वाऱ्यात शांत. मुलांचं पहिलं एकट्याचं उड्डाण मी शक्यतो रोमिओतच करवून घ्यायचो.

अशातच तो आदेश आला. आमच्या विमानांच्याच प्रकारच्या एका विमानाचा पंख परदेशात शिकवणीच्या उड्डाणात हवेतच तुटला होता. आत बसलेले दोघंही गेले. कारण सापडलं ते पंखाच्या आतल्या मुख्य दांड्यात. त्याला स्पार म्हणतात. पंखावरचा सगळा भार तो घेतो आणि मोठ्या बोल्टांनी विमानाच्या धडाला जोडलेला असतो. दर उड्डाणात पंख किंचित वर वाकतो, उतरल्यावर पुन्हा खाली येतो. हजारो वेळा असं झालं की बोल्टच्या भोकाच्या काठाला केसापेक्षा बारीक फट पडू शकते. वरून रंग चकचकीत, आत मात्र धातू थकलेला. म्हणून आदेश निघाला की ठराविक तासांपुढे उडालेल्या विमानांचे ते बोल्ट काढायचे, भोकात विजेवर चालणारी बारीक सळई घालून तपासायचं आणि फट असेल तर पंख बदलायचा. आपल्याकडेही तो लागू झाला. उल्हासने तो वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला. नियमांची भाषा कोरडीच असते. वाचताना तो मध्येच थांबला, चष्मा पुसला, आणि पुढे वाचू लागला...

लीमाचे तास आदेशातल्या आकड्यापुढे गेले होते. नागपूरहून तपासणीवाले आले, बोल्ट काढले, पाहिलं. पंख स्वच्छ निघाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रोमिओचे तास कमी होते, त्याला आदेश लागूच नव्हता. त्या दिवशी तपासणीवाले आपली पेटी आवरत होते आणि उल्हास मला म्हणाला, "रोमिओले पण पाहू." मी म्हटलं, काहून? तेव्हा त्याने सांगितलं की हे विमान आपल्याकडे येण्याआधी काय काम करत होतं ते त्याने जुन्या मालकाच्या पायलटला फोन करून विचारलं होतं. ते विमान विजेच्या तारांची पाहणी करायचं. म्हणजे जमिनीलगत, उन्हाळ्याच्या तापलेल्या हवेत, धक्के खात तासन्‌तास उडायचं. "तिथला एक तास अन् आपला एक तास एकसारखा नाई सुध्या. घड्याळाले सारखा, पंखाले नाई."

आमचे संचालक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण लीमाच्या तपासणीत बरेच दिवस गेले होते, मुलांचे उड्डाणाचे तास राहिले होते, पालकांचे फोन सुरू होते. त्यांच्या खोलीत झालेलं बोलणं मला आजही आठवतं, कारण आवाज कोणाचाच चढला नाही.

"आडे, रोमिओला आदेश लागू होतो की नाही एवढंच सांगा."

"नाई होत साहेब."

"मग प्रश्न काय आहे?"

"नियम ज्यानं लिहिला त्याले रोमिओ माहीत नोयतं. मले माहीत आहे."

संचालक हसले आणि म्हणाले, उद्या तुम्ही म्हणाल की रोज तपासा. उल्हास म्हणाला, रोज नाही, एकदा. तोवर मी उड्डाणासाठी सही देणार नाही. हे बोलताना त्याचे दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरलेले मला दिसत होते. घरी याडी अंथरुणाला खिळलेली, मुलगी बारावीला. दुसरी नोकरी म्हणजे पुन्हा जिल्हा सोडणं... हे त्याला ठाऊक होतं आणि संचालकांनाही.

त्याच आठवड्यात प्रणालीचे वडील आले. प्रणाली आमची विद्यार्थिनी, ढाणकीकडची, तिचं पहिलं एकटीचं उड्डाण रोमिओ थांबल्यामुळे अडकलं होतं. वडील शाळेत शिक्षक. पार उमरखेडकडून एस.टी.ने एवढा प्रवास करून ते आले होते आणि रागात होते. "सर, विमान ठीक आहे म्हणतात, नियम लागू नाही म्हणतात. मग तुम्ही एकटेच कायले अडवून राह्यले?" उल्हासने त्यांना हँगरमध्ये नेलं. स्वतःची खुर्ची दिली. पंखाच्या मुळाशी हात ठेवून स्पार कुठे असतो, बोल्ट कुठे, ते समजावून सांगितलं. मग म्हणाला, "सर, मले खात्री नाई की यात काही आहे. नसनही. पण तुमची पोरगी यात एकटी जाईन. शेजारी सुधाकरही नसन. मी सही केली की ती उडन." शिक्षकांनी खुर्चीतून वाकून पंखाच्या मुळाला हात लावून पाहिला. उठताना म्हणाले, "मग नका करू."

संचालकांनी शेवटी बाहेरून दुसरे इंजिनिअर बोलावले. सज्जन गृहस्थ. त्यांनी नियमाप्रमाणे सगळं पाहिलं, वरून तपासलं, विमान उडण्यायोग्य आहे असं लिहून सही केली. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. नियम तेवढंच मागत होता. दुसऱ्या दिवशी संचालक मला म्हणाले, एक चक्कर मारून या म्हणजे मुलांची भीती जाईल. मी रोमिओजवळ गेलो, दार उघडलं, आणि माझा पाय वर चढेना. यात शौर्य काही नव्हतं. मला सरळ भीती वाटली. मी परत जाऊन सांगितलं, "उल्हासच्या सहीशिवाय मी नाही उडणार." संचालकांनी समोरची फाईल मिटली. मग थकल्या आवाजात म्हणाले, "बोलवा त्या तपासणीवाल्यांना. एकदाचं होऊन जाऊ द्या."

तपासणीवाले पुन्हा आले. डावा पंख स्वच्छ निघाला. संचालकांनी उल्हासकडे पाहिलं. उजव्या पंखाचं एक भोक स्वच्छ, दुसरं स्वच्छ. उन्हं उतरत होती. खालच्या बाजूच्या एका भोकात सळई गेली आणि यंत्राच्या पडद्यावरची सरळ रेघ एकदम उसळली. तपासणी करणाऱ्या माणसाने सळई काढली, भोक पुसलं, पुन्हा घातली. रेघ पुन्हा त्याच जागी उसळली. संचालक एका उलट्या खोक्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. प्रणाली पुढे झाली, टॉर्चच्या उजेडात डोळा लावून पाहिलं. "सर, मले तर काहीच दिसत नाई." उल्हास म्हणाला, "म्हणूनच."

मला वाटलं होतं, तो खुश होईल. निदान हलका तरी होईल. तो बाहेर नळावर जाऊन हात धूत बसला होता. आधीच स्वच्छ असलेले हात पुन्हा पुन्हा. मी शेजारी बसलो. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "इतके दिवस मनात म्हणत होतो, फट निघाली पाहिजे. माहं खरं ठरलं पाहिजे. आता निघाली तर वाटते, नसती तर किती बरं झालं असतं... त्या विमानात आपण किती पोरं बसवले रे." मीही मनात एकेक चेहरा आठवू लागलो आणि आठवणं थांबवलं.

संचालकांनी दुसऱ्याच दिवशी नवा पंख मागवला आणि वर्गात सगळ्या मुलांसमोर उल्हासचा हात हातात घेतला. एवढा मोठेपणा त्यांच्यात होता, हे लिहायलाच हवं. उल्हासने आपला अहवाल वरच्या कचेरीला आणि विमान बनवणाऱ्यांना पाठवला. पुढे तो आदेश बदलला. विमानाचे तास किती एवढंच नव्हे, तर ते कोणत्या कामात गेले हेही धरायचं, असं त्यात आलं. अनेक ठिकाणांहून असे अहवाल गेले असतील. आमच्यामुळेच बदल झाला असं मी म्हणणार नाही, तोही म्हणायचा नाही. पण बदललेला आदेश हाती आला त्या दिवशी चहाच्या टपरीवर तो जे बोलला ते माझ्या मनातून जात नाही. "सुध्या, आपल्या धंद्यातल्या नियमाच्या बहुतेक ओळींखाली कोणी ना कोणी मेलेलं असते. लोक मरते, मग ओळ लिहिते. ह्या ओळीखाली आपल्याकडचं कोणी नाई." एवढंच. मग त्याने आणखी एक चहा सांगितला.

प्रणाली त्याच रोमिओतून, नव्या पंखाने, एकटी उडाली. आता ती मोठ्या विमानांवर आहे. संस्था बंद पडल्यावर उल्हास तांड्यावर राहायला गेला, तालुक्याच्या पोरांना मोटारदुरुस्ती शिकवू लागला. याडी त्याआधीच गेली होती. आमच्या भेटी कमी झाल्या... होतात तशा.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. बोलत बोलत त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थांबलो. ओट्याच्या वरच्या भिंतीवर लाल रंगाने सराटा म्हणजे उलथनं, झारा, चिमटा, चाळणी यांच्या आकृत्या काढलेल्या होत्या आणि प्रत्येक आकृतीवर ती ती वस्तू खिळ्याला टांगलेली होती. हँगरमध्ये त्याच्या पान्यांची पाटी अशीच असायची. जागा रिकामी दिसली की विमान सोडायचं नाही, पाना विमानात कुठे राहिला ते आधी शोधायचं. "लय भांडली मी, घर आहे का कारखाना म्हणून," वहिनी म्हणाल्या. "पण सवय झाली." दाराजवळच्या कोपऱ्यात एक आकृती मात्र रिकामी होती. दोन गोल आणि त्यांच्या मधे एक छोटी कमान. वहिनींनीच सांगितलं. "चष्मा दवाखान्यातच राह्यला. पोरगी आणतो म्हणे, मीच नाई म्हटलं. तिथं टांगला तर वाटन, आत्ताच काढून ठेवला, तोंड धुवायले गेले असतीन." त्यांनी गॅस पेटवला, चहाचं भांडं ठेवलं आणि भिंतीकडे न बघता हात वर करून चिमटा काढला. तो बरोबर आपल्या जागी होता.