मोटारखान्यातलं माहेर

भीमाबाईला स्वतःची खोली होती, आणि त्या खोलीचा तिला भारी तोरा होता. खोली म्हणजे धरमपेठेतल्या देवपुजारी वकिलांच्या बंगल्याचा मोटारखाना. मधुसूदनराव वकिलांनी हौसेनं तो बंगल्याबरोबरच बांधून घेतला, पण मोटार काही वर्षानुवर्षं आली नाही. नवरा वारल्यावर भीमाबाई पारशिवनीहून नागपुरात धुणीभांडी करायला आली, तेव्हा वकिलीणबाईंनी, म्हणजे प्रमोदिनीबाईंनी, तिला तिथं पथारी टाकू दिली. अट घातली ती अशी की लेकरू आणायचं नाही आणि पाहुणा आणायचा नाही. बाईंचं मन मोठं होतं, पण त्यात एका वेळी एकच माणूस मावत असे.

मग भीमाबाईनं दुधावरची लेक कौसल्या भावाच्या, देवाजीच्या, घरी ठेवली. भावजय रुखमाबाई जिभेची तिखट. पोरीला जेवायला वाढताना ती रोज ऐकवायची, की तुह्या मायले तुले ठेवाले जागा नाही म्हणून तू इथं खाऊन राहिली. भीमाबाई बाबासाहेबांच्या जयंतीला गावी गेली की पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारायची, "माय, तू कुठी राहतं वं?" आणि भीमाबाई रुखमाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माही खोली हाय धरमपेठेत. सिमेंटची फरशी हाय, लाइट हाय. भिंतीवर बुद्धाचा न् बाबासाहेबाचा फोटू लावला. दार तं येवढं मोठं का जुपलेली बैलबंडी आत जाईन." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ती खोली कशासाठी बांधली होती, तेवढं फक्त ती सांगत नसे.

कौसल्येचं लग्न झालं. जावई नत्थू कांद्रीच्या खाणीत कामाला, सरळ माणूस. चौऱ्याहत्तर साली पोरीला दिवस गेले, आणि भीमाबाईनं भरल्या घरात रुखमाबाईला सांगून टाकलं, की पहिलं बाळंतपण मायच्या घरी होत असते, तवा ते माह्याच खोलीत होईन. बोलून बसली खरी, पण बाईंची परवानगी अजून घ्यायची होती. तिनं भीत भीत बाईंना विचारलं. त्याच महिन्यात, मोटारीसाठी कधीचा नोंदवलेला वकिलांचा नंबर लागून, नवी मोटार आली होती. एका अंगाला मोटार आणि एका अंगाला भीमाबाईची चूल, असं चाललं होतं. बाई खुशीत होत्या. "आण गं, सव्वा महिना ठेव तिला," त्या म्हणाल्या. "गाडी तेवढे दिवस पोर्चमध्ये उभी करू." भीमाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणून ठेवला, आणि नत्थूला निरोप धाडला की नववा लागला की पोरीला घेऊन ये.

मधल्या काळात मागच्या गल्लीत चोरी झाली. चोरांनी कुणाच्या तरी मोटारीची चाकं रातोरात काढून नेली. वकीलसाहेबांची झोप उडाली. त्यांनी घराचा आणि मोटारीचा चोरीचा विमा उतरवायचं ठरवलं. विमा कंपनीनं कळवलं, की मोटारखान्याचं दार पक्कं हवं. दाराला आडवी लोखंडी पट्टी, बाहेरून जाड कडीकोयंडा आणि दणकट कुलूप, खिडकीला गज. किल्ली फक्त मालकाजवळ. आत चूल पेटता कामा नये आणि कोणी राहता कामा नये. आमचा माणूस येऊन पाहील, मगच विमा.

"भीमा," बाई म्हणाल्या, "विम्याचे साहेब पाहून जाईस्तोवर तुझं सामान मागच्या न्हाणीत ठेव. तुला विचारलं तर म्हणायचं, इथं कोणी राहत नाही. एकदा त्यांची सही झाली की खोली तुझीच आहे."

भीमाबाईनं मान डोलावली. एवढंच करून थांबली असती तरी चाललं असतं, पण नाही. हिला कामाचा जोर फार. स्वतःच्या चुलीच्या विटा तिनं स्वतः उचलून नेल्या. भिंतीवरची काजळी खरवडली, वर चुना मारला. फोटो उतरवून लुगड्यात गुंडाळले, त्यांचे खिळेसुद्धा उपटले आणि भोकं चुन्यानं बुजवली. महाल भागातल्या लोहारानं पट्टी ठोकली तेव्हा हीच दार रेटून धरून उभी होती. आपलीच जागा इतक्या हौसेनं पुसून टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कधी कधी वाटतं, तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवायला हवं होतं.

कंपनीचे साहेब आले ते गजभिये नावाचे, तिच्याच समाजातले, तरुण, नाकीडोळी नीटस. त्यांनी पट्टी ठोकून पाहिली, गज ओढून पाहिले. कुलूप लावलं आणि भीमाबाईला म्हणाले, "मावशी, धक्का मारा बरं जोरानं." भीमाबाईनं पदर खोचला आणि खांद्यानं धडक दिली. दार हललं नाही. ती हसली. इतकं मजबूत दार आपल्या खोलीला बसलं याचाच तिला आनंद झाला.

वकीलसाहेब किल्ली ठेवायला आत गेले, तेव्हा साहेबांनी ओल्या चुन्याकडे पाहिलं, मग तिच्या चुन्यानं फुटलेल्या हातांकडे. हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही राहता का इथं? राहत असाल तर भिऊ नका, सांगा. तुमची दुसरी सोय केल्याशिवाय मी सही करणार नाही. मागची कोठी रिकामीच दिसून राहिली."

असं विचारणारं माणूस आयुष्यात एकदा भेटतं. पण भीमाबाईला वाटलं, हा आपल्याकडून कबूल करून घेऊन राहिला. हा आज येईल, उद्या जाईल. बाईंचं मीठ तिनं इतकी वर्षं खाल्लं होतं, आणि शब्द बाईंनी दिला होता. "नाही साहेब," ती ठासून म्हणाली. "इथं कोणीच नाही राहत. मी तं कामाले येतो."

साहेबांनी सही केली आणि निघून गेले.

दुपारी भीमाबाई बोचकं घेऊन दारापाशी आली तर कुलूप. "अगं, थांब जरा," बाई म्हणाल्या, "विम्याचे कागद हातात येऊ दे." कागद आले. मग बाई म्हणाल्या, की ते लोक पुन्हा अचानक पाहायला येतात म्हणे. भीमाबाई न्हाणीतल्या ओल्या फरशीवर निजत राहिली आणि आज उघडतील, उद्या उघडतील म्हणत राहिली. येऊ नका असा निरोप धाडायला हवा होता, पण तो रुखमाबाईच्या कानावर गेला असता. म्हणून तिनं धाडला नाही.

आणि एके सकाळी फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. नत्थूनं कौसल्येला हात देऊन उतरवलं. पोरीला चालवत नव्हतं, पाय सुजलेले, पण तोंड नुसतं फुललेलं. दोन फळ्यांचं मोठं दार तिनं लांबूनच ओळखलं. "हेच ना वं माय?" म्हणत ती तिकडे निघाली, आणि कुलपापाशी थांबली. भीमाबाई नळावर होती. राखेचे हात तसेच घेऊन ती उभी राहिली.

वकीलसाहेब व्हरांड्यात पक्षकारांबरोबर बसले होते. बाई लगबगीनं बाहेर आल्या. नत्थूनं हात जोडले. "बाई, आमच्या सासूबाईच्या खोलीचं कुलूप उघडता का? हिले टेकू द्या जराशी."

"कोणाची खोली?" बाई म्हणाल्या. व्हरांड्यातली माणसं वळून पाहत होती. "ते आमचं गॅरेज आहे. भीमा इथं कामाला येते. राहत नाही."

"माय सांगे ना, इथंच राहतो म्हणून..." कौसल्येनं आईकडे पाहिलं. "माय, तू बोल ना वं. काहून चूप हाय?"

बाईही भीमाबाईकडे पाहत होत्या. खरं बोललं तर बाई चारचौघांत खोट्या पडणार, काम जाणार, न्हाणीही जाणार. उतारवयात तिला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? आणि साहेबापुढं ठासून सांगितलेलं आता फिरवायचं तरी कसं? तिनं मान खाली घातली.

"खोटं सांगतलं मी तुले, पोरी," ती म्हणाली. "मले खोली नाही."

कौसल्येचा चेहरा झरझर उतरला. ती रडली नाही की भांडली नाही. नत्थूच्या खांद्याचा आधार घेत ती पुन्हा रिक्षात चढली. तसल्या अवस्थेत, एसटीचे धक्के खात, ती रुखमाबाईकडे पारशिवनीला गेली. "बरं झालं बाई वेळेवर बोललीस," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "चल, भांडी पडलीत."

पोरगी झाली. भीमाबाईला ते कळलं गावच्या भाजीवालीकडून. सुटी मागून, दुपटी घेऊन ती गेली. रुखमाबाईनं चहा दिला आणि नवल म्हणजे टोमणा मारला नाही. तशी गरजच उरली नव्हती. कौसल्येनं बाळ आईच्या मांडीवर दिलं. पाहुण्याशी बोलावं तसं नीट बोलली, नात कोणावर गेली ते सांगितलं. भीमाबाईच्या ओठांवर सारं खरं येऊन थांबलं होतं. तेवढ्यात कौसल्येनं बाळ परत घेतलं आणि विचारलं,

"माय, तुही एसटी किती वाजताची हाय?"