राखणदार खाली उतरला त्याची गोष्ट

माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. ओरोसला बसून मी आयुष्यभर हद्दीच्या दगडांची भांडणं ऐकली. भावाभावांनी सरकवलेले दगड पाहिले, देवळाच्या मानकऱ्यांनी सरकवलेलेही पाहिले. खोटं बोलणारा माणूस दारातून आत आला की मी ओळखते, असं कचेरीत म्हणत. यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. आणि माझ्याच आईनं एक दगड सरकवला होता, याचा पत्ता मला निवृत्त होईपर्यंत नव्हता!

आमच्या गावाला लागून खोतांची बाग होती. बाग म्हणजे डोंगराचा अख्खा उतार. आई तिथं रोजानं कामाला जायची. खोतांची पुढची पिढी मुंबईला गेली, त्यांनी जमीन सरकारला देऊन टाकली आणि आता तिथं निसर्ग उद्यान झालंय. खोतांच्या बंगल्यात तिकीटखिडकी आहे, गोठ्यात पक्ष्यांची चित्रं लावलीत आणि चार पावलं टाकली की एक पाटी.

यंदा वैशाखात आई म्हणाली, "माका एकदा बागेत व्हर गो." ऐंशी ओलांडलेल्या बाईला फिरायला जावंसं वाटतंय म्हणून मी खूश झाले. रिक्षा सांगितली, डब्यात घावणे भरले. तिनं पिशवीत नारळ टाकला, तेव्हाही मी काही विचारलं नाही.

माहिती सांगायला एक निवृत्त मास्तर होते. बोलणं पुस्तकी, हातात छडीऐवजी बांबूची काठी, एवढाच फरक. आमच्याबरोबर कसालचं एक कुटुंब होतं. मास्तर आम्हाला चढणीवरून राईपाशी घेऊन गेले. तिथं शेंदूर लावलेला एक काळा धोंडा होता, साधारण घागरीएवढा. शेजारी झरा वाहत होता, ऐन वैशाखात.

"हा इथला राखणदार," मास्तर म्हणाले. "याच्या वरच्या अंगाला कोणी कोयता लावत नाही. पूर्वी हा धोंडा पार वर होता. खोतांनी खालची झाडं तोडून काजू लावायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी राखणदार स्वतः खाली उतरून झऱ्यापाशी येऊन बसला. खोतांनी घाबरून नारळ दिला आणि हे जंगल वाचलं. आख्यायिका आहे, पण गावात सगळे मानतात."

मीही मानत होते. लहानपणी हीच गोष्ट ऐकून मी वाढले होते.

आई मटकन खाली बसली. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"तो उतराक नाय गो," ती कुजबुजली. "तेका मीया आणलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. शेजारचा उतार खोतांनी आधीच्या वर्षी साफ केला होता आणि तिथला झरा शिमग्यालाच आटला होता. इथली झाडं गेली तर हाही जाणार, हे पाणी वाहणाऱ्या बाईला कळत होतं. खोतांना सांगून ते ऐकणार नव्हते. म्हणून एका दुपारी, पेज जेवून बाकीचे आडवे झाले असताना, ती वर गेली, राखणदाराच्या पाया पडली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याला घेऊन खाली आली. पुढची गोष्ट गावानंच रचली. ती फक्त गप्प राहिली.

"बरा केलंस मगे!" मी म्हटलं. मला तर अभिमानच वाटत होता.

"बरा कसला? त्याच पावसात तुझो भाव गेलो."

माझा भाऊ तीन वर्षांचा असताना तापानं गेला. मला तो आठवतही नाही. आई इतकी वर्षं समजत होती की देवाला जागचा हलवला, म्हणून देवानं तिचा मुलगा नेला. बाबांनाही तिनं हे सांगितलं नव्हतं.

"आता माका उचलवत नाय," ती म्हणाली. "तू उचल. होतो थंय नेऊन ठेव. मगे माझे डोळे मिटूक हरकत नाय."

मला संताप आला. तिच्यावर नव्हे. ही बाई मला न्हाऊमाखू घालताना, शाळेत धाडताना, लग्नात अक्षता टाकताना हे मनात घेऊन वावरत होती, आणि मला, एवढ्या हुशार मुलीला, कधी दिसलं नाही. मी वर पाहिलं. जुन्या जागेपासून धोंड्यापर्यंत झाडीच झाडी होती. खाली वाडीतल्या बायका अजून याच झऱ्याचं पाणी भरतात.

मी धोंडा उचलला नाही. पिशवीतला नारळ काढला आणि त्याच्यापुढे उभी राहिले. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा, पण मी कोणाला विचारलं नाही. घसा खाकरला आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. माझ्या आयेन तुका डोक्यार घेऊन पाण्याकडे आणल्यान, ता तिना आपल्यासाठी नाय केल्यान, वाडीसाठी केल्यान रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" कसालचं कुटुंब सवयीनं म्हणालं. मास्तरांनी काठी खाली ठेवली आणि त्यांनीही हात जोडले.

"काय चुकला माकला असात तर माफ कर. तुका हयसर बरा वाटता, तर हयसरच बस आणि ह्या पाण्याची राखण कर!"

"होय म्हाराजा!"

"माझो भाव तापान गेलो. तेचो दोष माझ्या आयेच्या माथ्यार नाय, असा आज सगळ्यांच्या साक्षीन म्हणतंय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती धोंड्याकडे बघत होती, मग झऱ्याकडे, मग पुन्हा धोंड्याकडे. नारळ माझ्या हातात तसाच होता.

शेवटी तिनं पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, "होय म्हाराजा."